लाकेकामू, १:५० : पुळणीला लागणाऱ्या बोटीच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४, रविवार, धोपावे

दीप अमावास्या. पाऊस सकाळपासून थांबलेला नाही, खाडीचं पाणी गढूळ तांबडं. आज नक्की केलं. पुढची प्रतिकृती तोफांच्या युद्धनौकेची नाही. सपाट बुडाची, तोंडाला रॅम्प असलेली, थेट पुळणीवर नाक टेकवून माल उतरवणारी लँडिंग क्राफ्ट करायची. देश पापुआ न्यू गिनी, बोट 'लाकेकामू'.

कारणं दोन. पहिलं म्हणजे दादाने २०१६ साली पाठवलेला फोटो. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, पोर्ट मोर्सबीत अकाउंटंट आहे. बंदरात उभी राखाडी बोट, मागे दोन मजली केबिन, पुढे नुसतं मोकळं डेक आणि टोकाला उभा केलेला रॅम्प. खाली त्याने लिहिलं होतं, 'ही बघ इकडच्या नौदलाची जंगलजेटी.' फोटो आठ वर्षं माझ्या कपाटाच्या दारावर आहे.

दुसरं कारण दारासमोर आहे. २००३ पासून दाभोळ ते धोपावे गाड्या नेणारी फेरीबोट इथे चालते आणि तिला सगळे जंगलजेटीच म्हणतात. ती आली, रॅम्प पडला, एसटी उतरली, रिक्षा चढल्या, रॅम्प वर, निघाली. हे इतक्या वेळा बघितलंय की त्यात काही विशेष आहे असं वाटत नाही. पण धक्का नसेल, सिमेंटचा उतार नसेल, नुसती वाळू असेल, तर हीच गोष्ट किती अवघड होते ते मला हाताने करून बघायचंय. म्हणून बोट शोभेची नाही. चालणारी, माल घेणारी, वाळूवर लागणारी आणि परत निघणारी.

११ ऑगस्ट

मापं. लाकेकामू ज्या वर्गातली, त्या ऑस्ट्रेलियन बालिकपापन वर्गाच्या बोटींची लांबी ४४.५ मीटर, रुंदी १०.१ मीटर, भरलेली असताना बूड पाण्यात सुमारे २ मीटर. रिकामी ३१० टन, पूर्ण भरलेली ५०३ टन. वेग १० नॉट, म्हणजे तासाला दहा सागरी मैल.

प्रमाण १:५० घेतलं. लांबी ८९ सेंटिमीटर, रुंदी २० सेंटिमीटर. वजनाला ५० चा घन, म्हणजे सव्वा लाखाने भागायचं. रिकामी २ किलो ४८० ग्रॅम, भरलेली ४ किलो २० ग्रॅम. वेगाला ५० चं वर्गमूळ. १० नॉटचे सेकंदाला ७३ सेंटिमीटर होतात, म्हणजे दहा मीटर जायला साधारण १४ सेकंद. यापेक्षा वेगात पळाली तर दिसायला छान दिसेल, पण ती लाकेकामू राहणार नाही.

चार किलो हा आकडा मला फार आवडला. एका हाताने उचलून पुळणीवर नेता येईल.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सकाळी खाडीवर नारळ वाहिला, दुपारी फासळ्या कापल्या. ४ मिलिमीटर मरीन प्लाय, एकूण १३ फासळ्या. मधल्या जवळजवळ सगळ्या एकसारख्या, चौकोनी पेटीसारख्या. पुढच्या चार आणि मागच्या तीन फासळ्यांत खरा आकार आहे.

पुढे बूड हळूहळू वर उचललेलं. मागे दोन पंख्यांसाठी बूड आत घेतलेलं, म्हणजे वाळूला लागताना पंखे वाचतात. गलबताला किंवा मचव्याला पाणी कापणारी नाळ असते. या बोटीला नाळच नाही. जिथे नाळ असायची तिथे दरवाजा आहे.

शेजारचे आबा येऊन बघून गेले. जन्मभर तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, होते, आधी मचव्यावर, मग ट्रॉलरवर. फासळ्या हातात घेऊन म्हणाले, "पाणी कापणार नाय ही. पाण्यावर थापट्या मारत जाईल." बरोबर आहे त्यांचं. या बोटी समुद्रात आदळतात आणि डोलतात, म्हणून त्यांच्यावरचं काम कष्टाचं.

१ सप्टेंबर

बाहेरचं कातडं बसवलं, १.५ मिलिमीटर प्लाय, सांध्यांना इपॉक्सी, वरून पातळ फायबरमॅट आणि रेझिनचा एक हात. आता गौरी-गणपती. विसर्जन होईपर्यंत काम बंद, प्लायच्या चौरंगावर मखराचं सामान.

१६ सप्टेंबर, सोमवार

आज पापुआ न्यू गिनीचा स्वातंत्र्यदिन (१९७५). दादाकडे सुट्टी, त्यामुळे फोनवर तासभर बोललो. या बोटींचा इतिहास आज नीट जुळवून लिहितो. रॅम्पवर काम करताना तोच डोक्यात होता.

ऑस्ट्रेलियाने या वर्गाच्या आठ बोटी क्वीन्सलंडमधल्या मेरीबरोच्या वॉकर्स कारखान्यात बांधून घेतल्या. मूळ मागणी भूदलाची होती. पहिली, बालिकपापन, १९७१ च्या डिसेंबरात भूदलाकडेच आली, नंतर नौदलात गेली. आठही नावं दुसऱ्या महायुद्धातल्या किनाऱ्यांची आहेत : बालिकपापन, ब्रुनेई, लाबुआन, ताराकान, वेवाक, सालामौआ, बुना, बेटानो.

यातल्या सालामौआ, बुना आणि वेवाक या जागा पापुआ न्यू गिनीतल्याच. सालामौआ म्हणजे समुद्रात घुसलेली चिंचोळी पट्टी. महायुद्धाआधी वाऊ आणि बुलोलोच्या सोन्याच्या खाणींकडे जाणारी माणसं तिथे उतरत. मार्च १९४२ मध्ये ती जपानच्या ताब्यात गेली, सप्टेंबर १९४३ मध्ये परत मिळाली. बुना आणि गोना इथे जपानी फौजा जुलै १९४२ मध्ये उतरल्या आणि कोकोडाच्या पायवाटेने डोंगर ओलांडून पोर्ट मोर्सबीकडे निघाल्या. म्हणजे ज्या पुळणींवर परकी सैन्यं उतरली, त्यांची नावं या बोटींना मिळाली. पुढे नोव्हेंबर १९७४ मध्ये, स्वातंत्र्याच्या दहा महिने आधी, त्यांतल्या सालामौआ आणि बुना या दोन बोटी त्याच देशाच्या संरक्षण दलाला देण्यात आल्या. आपल्या गावाचं नाव घेऊन बोट घरी आली, असं मला हे वाचताना वाटतं.

तिसरी फार नंतर. लाबुआन १९७३ पासून ऑस्ट्रेलियाच्या नौदलात होती. २०१४ च्या अखेरीस तिथून निवृत्त झाली आणि पापुआ न्यू गिनीला मिळाली. नवं नाव लाकेकामू, गल्फ प्रांतातल्या नदीचं. ४१ वर्षं वापरलेली बोट. एखाद्याला वाटेल, जुनी बोट गळ्यात मारली. मला तसं वाटत नाही. ज्या देशाच्या राजधानीतून दुसऱ्या मोठ्या शहराला, लाएला, जायला रस्ताच नाही, ज्याची बेटं सहाशेच्या आसपास आहेत, त्याला चालत्या स्थितीतली आणि धक्क्याशिवाय किनाऱ्याला लागणारी बोट म्हणजे रस्ताच मिळाल्यासारखं आहे.

रॅम्पचं काम : १ मिलिमीटर लोखंडी पत्रा, मागून आडव्या पट्ट्या. वजन ९२ ग्रॅम. मजबूत झालाय.

२९ सप्टेंबर

मूळ बोटीत जनरल मोटर्सची १२व्ही-७१ जातीची दोन डिझेल इंजिनं होती, टू-स्ट्रोक, बारा सिलिंडर. माझ्याकडे दोन छोट्या ब्रश मोटरी, दोन पितळी पंखे, प्रत्येकामागे सुकाण. दोन्ही मोटरींना वेगवेगळे कंट्रोलर दिले. एक पंखा पुढे आणि एक मागे चालवून बोट जागेवर फिरवता आली पाहिजे. पुळणीवर काटकोनात यायला हे लागणारच.

शाफ्टच्या, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या दांड्यांच्या, नळ्यांत ग्रीस भरायला विसरायचं नाही. नळ्या बसवल्यावर आत हात जात नाही.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. करवत, रंधा, सोल्डरिंग आयर्न आणि अर्धवट बोट, सगळ्यांना एकत्र झेंडूचं फूल.

रंग राखाडी, दोन हात. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. झेंडा मात्र पुतणीने रंगवला. पंधरा वर्षांची आहे, दहावीत. तिरका दुभागलेला, वर लाल भागावर पिवळा बर्ड ऑफ पॅराडाइज, खाली काळ्यावर पांढरे तारे. मी तिला सांगितलं की हा झेंडा १९७१ मध्ये सुझन कारिके नावाच्या शाळकरी मुलीने काढला होता आणि तीही तेव्हा पंधरा वर्षांचीच होती. तिचा विश्वास बसेना. "काका, अख्ख्या देशाचा?" मग बसून अख्खी संध्याकाळ तीन सेंटिमीटरच्या कापडावर त्या पक्ष्याची पिसं काढत होती. तिकडच्या टोक पिसिन भाषेत त्या पक्ष्याला 'कुमुल' म्हणतात. पुळणीला 'नांबिस'. तिने बोटीच्या डबीवर पेन्सिलने 'नांबिस' लिहून ठेवलंय.

२७ ऑक्टोबर

विहिरीजवळच्या हौदात पहिल्यांदा तरंगवली. वजन २ किलो ५४० ग्रॅम, ठरल्यापेक्षा ६० ग्रॅम जास्त. ते चालेल. पण कल बघून बरं वाटलं नाही. पुढे २५ मिलिमीटर बुडते, मागे २१. नाक खाली.

लँडिंग क्राफ्टला हे चालतच नाही. रिकामी असताना नाक वर आणि शेपूट खाली हवी, तरच ती वाळूला नाकाने लागेल आणि पंखे खोल पाण्यात राहतील. माझी बोट पुळणीपासून लांबच आपलं बूड घासत थांबेल आणि रॅम्प पाण्यात पडेल. महायुद्धातल्या मोठ्या, रणगाडे पुळणीवर उतरवणाऱ्या एलएसटी जहाजांचा आराखडा पन्नासाला एक अशा उताराच्या पुळणीसाठी केला होता, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर तळ एक मीटर वर येतो. बुडाचा कल आणि पुळणीचा कल जितका जुळेल तितका रॅम्प कोरड्याजवळ पडतो. सगळं गणित या एका गोष्टीवर आहे आणि मी ते ९२ ग्रॅमच्या पत्र्याने बिघडवलं.

उपाय : रॅम्प ॲल्युमिनियमचा नवा केला, ३४ ग्रॅम. बॅटरी मधून काढून केबिनखाली मागे नेली. खऱ्या बोटीत पाण्याच्या बॅलास्ट टाक्या असतात, हवा तसा कल करून घेतात. मीही मागे दोन छोट्या प्लास्टिकच्या डब्या बसवल्या, पाणी भरता येईल अशा.

रात्री पुन्हा मोजलं. वजन २ किलो ४९५ ग्रॅम. पुढे १३ मिलिमीटर, मागे ३२. आता खरी वाटते.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दादाचा फोन. तो कामासाठी लाएला जाऊन आला, विमानाने, कारण रस्ता नाही. तिथल्या युद्ध स्मशानभूमीत जाऊन आला. ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या कबरींसोबत भारतीय सैन्यातल्या जवानांच्याही कबरी आहेत. सिंगापूर १९४२ च्या फेब्रुवारीत पडलं तेव्हा जे भारतीय सैनिक पकडले गेले, त्यांतल्या हजारोंना जपान्यांनी मजुरीसाठी न्यू गिनीकडे आणलं. रबौल, वेवाक. फार थोडे परत आले.

दादा म्हणाला, "मी फुलं नेली नव्हती रे. नुसता उभा राहिलो." बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आज हत्याराला हात लावला नाही.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

सालामौआ आणि बुना दिल्या गेल्या त्याला या महिन्यात पन्नास वर्षं झाली, म्हणून खाडीत उतरवायला हाच महिना धरला होता. बाहेरच्या पुळणीवर नेणं निरर्थक. गुडघाभर लाट माझ्या बोटीच्या हिशेबाने वीस मीटरपेक्षा उंच होते. खाडीच्या आतल्या अंगाला, धक्क्यापासून दूर, वाळूचा एक शांत पट्टा आहे. तिथे लाट बोटाच्या पेरापेक्षा मोठी नसते, म्हणजे खऱ्या बोटीला मीटर-सव्वा मीटर. हे योग्य.

दहा मीटरला १५ सेकंद. सरळ जाते. जागेवर फिरते. आबा म्हणाले तशी थापट्या मारत जाते, आणि त्या आवाजाने मला इतका आनंद झाला की दोन वेळा उगाच फिरवून आणली. खाऱ्या पाण्यात जेमतेम मिलिमीटरभर वर तरंगते.

संध्याकाळी पुतणीने डेकवर पणती ठेवायची का विचारलं. इपॉक्सीमुळे नको म्हटलं. काठावर ठेवली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिलं पुळणीला लावणं. पार फसलं. सविस्तर लिहितो.

उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येजवळची मोठी भरती, दुपारी पाणी भरलं. ओहोटी सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर बोट आत घेतली. डेकवर वाळूच्या चार पिशव्या, एकूण १२०० ग्रॅम, म्हणजे दीडशे टन माल. हळू आली, नाक टेकलं, पंखे हळू पुढे चालू ठेवले, रॅम्प पाडला. रॅम्पचं टोक कोरड्या वाळूपासून चार बोटांवर पडलं. मी खूश.

तेवढ्यात दाभोळहून जंगलजेटी निघाली. तिच्या मागच्या लाटा तिरक्या आल्या. पहिल्या लाटेने शेपूट हातभर सरकली. दुसऱ्या लाटेने बोट पूर्ण आडवी. तिसरी लाट बाजूवरून उघड्या डेकवर आली, आणि रॅम्प उघडा असल्यामुळे पुढूनही पाणी आत. मी रिमोटवर दोन्ही पंखे मागे फिरवले, त्यांनी फक्त वाळू उकरून बुडाखाली ढकलली. दोन मिनिटांत पाणी खाली गेलं आणि बोट वाळूवर कलंडून बसली. डावी मोटर भिजून बंद.

आबा काठावर होते. त्यांनी एकच विचारलं, "मागं नांगर कुठाय?"

नांगर मी केला होता. शोभेचा. केबिनजवळ चिकटवलेला.

ही चूक माझ्या समजुतीतली होती. फोटोत रॅम्प दिसतो, म्हणून मी तीन महिने रॅम्पवर घालवले. मागचा नांगर फोटोत दिसत नाही. पण पुळणीला लागताना खरी बोट किनाऱ्यापासून बरंच अंतर असताना मागून नांगर टाकते आणि दोर सोडत सोडत पुढे येते. नाक वाळूत, शेपूट दोराला बांधलेली, म्हणजे बोट दोन टोकांनी धरलेली. लाट कुठूनही आली तरी ती आडवी होत नाही. आणि निघताना विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, तोच दोर ओढून ती स्वतःला मागे खेचते. पंखे फक्त मदतीला. पुळणीवर चढायला रॅम्प लागतो, पुळणीवरून सुटायला नांगर. खलाशाला सुटण्याची काळजी आधी असते.

२४ नोव्हेंबर

मोटर बदलली. मागच्या बाजूला विंच : गिअर मोटर, १२ मिलिमीटरचा ड्रम, त्यावर तीन मीटर तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉन दोरा. नांगर पितळी पट्टीचा, सपाट पात्यांचा, १६ ग्रॅम.

दुपारी भांगाची, म्हणजे अष्टमीजवळची लहान भरती. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, पण सरावाला बरं. नांगर दोनदा टाकला, दोन्ही वेळा वाळूवर घसरत आला. आबांनी नांगर हातात तोलला आणि म्हणाले, "वजनाने नाय धरत, दोर आडवा पडला तर धरतो. साखळी लाव." बरोबर. दोर वर ओढला गेला की पातं उचकटतं. नांगराजवळ साखळीचं वजन असलं की ओढ आडवी लागते. जुन्या लॉकेटची बारीक साखळी, १५ सेंटिमीटर, लावली. धरतो.

मग तिसऱ्या वेळी तंगूस सैल पडला आणि उजव्या पंख्यात गेला. अर्धा तास चिमट्याने काढत बसलो. खऱ्या बोटीवर हे झालं तर पाणबुड्या खाली पाठवावा लागेल, तोही लाटांत आणि पुळणीजवळ. तंगूस काढून टाकला, पाण्यात सरळ बुडणारी बारीक विणलेली दोरी घेतली, आणि ड्रमला रबरी ब्रेक लावला म्हणजे दोर सुटताना कायम ताणलेला राहील.

१ डिसेंबर, अमावास्या

जमलं.

नांगर पुळणीपासून पावणेतीन मीटरवर टाकला, बोटीच्या तीन लांब्या. दोर ताणात. पुतणी विंचवर, मी पंखे आणि सुकाणावर. नाक टेकलं, रॅम्प पडला. जंगलजेटी गेली, लाटा आल्या. बोट दोराला टेकून कुरकुरली आणि जागेवर राहिली. पुतणी ओरडली, "काका, हललीच नाही!" मी काही बोलू शकलो नाही.

आज मालाचीही चाचणी. त्या देशात रणगाडे नाहीत. या वर्गाच्या बोटीवर तीन लेपर्ड रणगाडे मावत, पण ते ऑस्ट्रेलियाच्या वापरातलं. मी दोन खेळण्यातले ट्रक घेतले, शिसं भरून प्रत्येकी ८० ग्रॅम, म्हणजे दहा टन, आणि बाकी तांदूळ-सिमेंटच्या जागी वाळूच्या पिशव्या. ट्रक दोऱ्याने पुढे ओढला. तो रॅम्पच्या बिजागरीपर्यंत आला तेव्हा नाक आणखी वाळूत दाबलं गेलं, शेपूट दोन मिलिमीटर वर. ट्रक रॅम्पवरून उतरला आणि नाक सुटून वर आलं. प्रत्येक गाडीमागे हे होतं. म्हणून माल उतरता उतरता दोर आणि पंखे सतत सांभाळावे लागतात. बोट हलकी होत जाते, आणि नांगर नसेल तर नेमकी रिकामी झाल्यावर आडवी होते.

ओहोटीला मुद्दाम पाच मिनिटं उशीर केला. इथे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास उतरतं आणि ओहोटीच्या मध्यावर मिनिटाला सेंटिमीटरभर. माझी बोट भरलेली असतानाही पुढे काही सेंटिमीटरच बुडते. उशीर म्हणजे अडकणं. अडकली. विंच ओढून दोर तुटायच्या बेतात आला.

आबांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांचा मचवा एकदा उधाणाच्या ऐन भरतीला वाळूवर चढला. पुढच्या भरतीला पाणी तिथवर आलंच नाही, कारण दिवसेंदिवस भरती भांगाकडे उतरत चालली होती. पुढच्या उधाणापर्यंत मचवा तिथेच. चौदा दिवस आळीपाळीने राखण केली. लँडिंग क्राफ्टच्या कप्तानालाही हेच भय. म्हणून शक्यतो भरती चढत असताना लावायची, म्हणजे पाणीच सोडवायला येतं. मी आजपर्यंत ओहोटीला लावत होतो.

८ डिसेंबर

आठवडाभर वाचत होतो. दोन गोष्टी टिपून ठेवतो.

पापुआ न्यू गिनीला वेगळं नौदल नाही, संरक्षण दलाचाच सागरी विभाग आहे. २०१८ पासून ऑस्ट्रेलियाने त्यांना गार्डियन वर्गाच्या चार नव्या गस्ती बोटी दिल्या. त्या वेगवान, देखण्या, मासेचोरी रोखायला उत्तम. फोटो त्यांचेच जास्त. पण गस्ती बोट पुळणीवर ट्रक उतरवू शकत नाही. या वर्गाची बोट १८० टन घेते, रिकामी ३००० सागरी मैल आणि भरलेली १३०० मैल जाते, तेही तेरा माणसांवर. १९७४ च्या नाताळात ट्रेसी चक्रीवादळाने डार्विन उद्ध्वस्त झालं तेव्हा ऑस्ट्रेलियाने याच बोटी मदतीला पाठवल्या, १९९९ मध्ये पूर्व तिमोरलाही. फिलिपिन्सने २०१५ आणि २०१६ मध्ये उरलेल्या पाच बोटी घेतल्या. बेटांच्या देशांना त्यांची किंमत कळते.

दुसरी गोष्ट दादाने सांगितली. पोर्ट मोर्सबीच्या किनाऱ्यावरचे मोतू लोक पूर्वी 'लाकातोई' नावाच्या, ओंडके जोडून केलेल्या शिडाच्या बोटींतून मातीची मडकी भरून पश्चिमेला गल्फकडे जात आणि साबुदाण्याच्या झाडाचं पीठ घेऊन परत येत. या व्यापारी सफरीला 'हिरी' म्हणतात. लाकेकामू नदी त्याच गल्फकडे आहे. माल घेऊन किनाऱ्याला लागायचं आणि माल घेऊनच परतायचं, हे काम त्या समुद्रात नवं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

चढत्या भरतीला, नऊच्या सुमारास लावली. पाच फेऱ्या. पाचही वेळा लागली आणि सुटली. पाणी वाढत असल्यामुळे दर मिनिटाला थोडी पुढे घ्यावी लागते, दोर थोडा सोडावा लागतो, नाहीतर नाक तरंगून रॅम्प हवेत. हे काम हाताला येईपर्यंत तीन फेऱ्या गेल्या.

चौथ्या फेरीला मी रिमोट पुतणीकडे दिला आणि विंच घेतला. तिने माझ्यापेक्षा सरळ आणली. पंखे मागे फिरवण्याची घाई करत नाही, आधी दोराकडे बघते. आबा म्हणाले, "ही होईल तांडेल." दहावीची परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे आता मार्चपर्यंत तिला बोलवायचं नाही, असं वहिनीने बजावलंय. रास्तच.

व्हिडिओ दादाला पाठवला.

२९ डिसेंबर

दादाचं उत्तर आलं. त्याने तो व्हिडिओ ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला दाखवला. तो तिकडच्याच मानुस बेटावरचा. त्याने पूर्ण पाहिला आणि विचारलं, परत कशी निघते ते का नाही दाखवलं. दादाने शेवट आधी पाठवलाच नव्हता, फाइल मोठी होती. आता तो भागही पाठवलाय.

आज एकट्याने दोन फेऱ्या. विंचच्या ड्रमला गंज, स्टेनलेसचा करायचा. रॅम्पची डावी बिजागरी वाळूने घट्ट झाली होती, रॉकेलने धुतली. नांगराची साखळी आणखी पाच सेंटिमीटर वाढवली. सुकवून वजन २ किलो ५०५ ग्रॅम. आत शिरलेलं पाणी, दोन चमचे, सगळं उजव्या शाफ्टच्या नळीतून. उद्या ग्रीस.